सहल समुद्रावरची, राखण फोनांची!

दिवाळीची सुट्टी लागली, की घाटावरच्या गावांतून गाड्या कोकणात उतरू लागतात. अलिबाग, काशीद, हरिहरेश्वर, दापोलीजवळचं मुरूड, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली... यांतल्या कुठल्याही किनाऱ्यावर संध्याकाळी पाचच्या सुमारास उभं राहून पाहावं. मंडळी पाण्यात खिदळत असतात, मुलं वाळूचे किल्ले करीत असतात आणि थोडं मागे, सुरूच्या सावलीत, चटईवर एक बाई बसलेली असते. तिच्या एका बाजूला सात-आठ जोड चपला, दुसऱ्या बाजूला टॉवेलांचा ढीग आणि मांडीवर घट्ट धरलेली पर्स. त्या पर्समध्ये घरातले सगळे फोन, गाडीची किल्ली, सासूबाईंचा चष्मा आणि एखाद्याचं पाकीट.

"वहिनी, एवढं धरा हं, आलोच!" असं म्हणून जो तो पाण्याकडे धावतो. वहिनी धरून बसतात.

तशी सामानाची राखण बायकांना नवी नाही. पूर्वीही सहलीत कुणीतरी मागे बसायचंच. पण तेव्हा राखायचं काय, तर दशम्यांचा डबा, पाण्याचा तांब्या आणि मुलांचे कोरडे कपडे! ते सोडून घटकाभर पाण्यात पाय बुडवून आलं तर बिघडत नसे. फार तर कुत्र्यानं डब्याला तोंड लावलं असतं. आता मांडीवरच्या पर्समध्ये लाखभर रुपयांचा ऐवज असतो. शिवाय त्यात बँक, ऑफिस, मुलांची शाळा आणि घराण्याचे दहा वर्षांचे फोटो. ती ठेवून उठणार कशी?

म्हणजे खिशात मावावा म्हणून केलेलं यंत्र समुद्रावर गेल्यावर कुणाच्याच खिशात राहत नाही. ते घरच्या बाईच्या पदरात येऊन पडतं. सहल सगळ्यांची, आणि हिची मात्र रखवालदारी. यावर उपाय आहे, पण तो किनाऱ्यावर पोचल्यावर सुचून उपयोगी नाही. निघण्याआधी, खोलीचं दार ओढून घेतानाच तो ठरवावा लागतो.

एक पुरे

उपाय अगदी साधा आहे. एका कुटुंबाचा एकच फोन समुद्रावर न्यायचा. बाकीचे खोलीवर, बंद करून, बॅगेत कुलपात. "कुणाचा तातडीचा फोन आला तर?" असं विचारणारे प्रत्येक घरात एक-दोन असतातच. त्यांना विचारावं, की गेल्या सहलीत त्या तीन तासांत किती तातडीचे फोन आले होते? बहुतेक वेळा उत्तर द्यायच्या ऐवजी ते हसतात.

हा एक फोन कुणाचा न्यायचा? सगळ्यांत महागाचा नव्हे. मुलाचा नवा चकचकीत फोन राहू दे. घरातला जुना, काचेला एखादा ओरखडा पडलेला, पण बॅटरी टिकणारा फोन असेल तो घ्यावा. घरातल्या निदान दोन मोठ्यांना त्याचं कुलूप उघडता आलं पाहिजे. दादांचा फोन दादांच्याच अंगठ्यानं उघडणार आणि दादा पाण्यात, अशी पंचाईत नको.

फोन आता पाकीटही झाला आहे, हे विसरून चालणार नाही. शहाळंवाला, घोडागाडीवाला, भेळवाला, सगळ्यांकडे चौकोनी ठिपक्यांची पाटी टांगलेली असते. पण कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर रेंज एक पाऊल पुढे गेलं की असते आणि दोन पावलं मागे आलं की जाते. शहाळं फोडून झाल्यावर पैसे जाईनात, मागे लोक खोळंबलेले आणि आपण ओल्या बोटानं काच पुसतोय, हे दृश्य आता नेहमीचं झालं आहे. म्हणून पन्नास-शंभराच्या सुट्या नोटा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पिनेनं पोलक्याच्या किंवा कुर्त्याच्या आतल्या बाजूला टाचून ठेवावी. आजीची युक्ती आहे, पण अजून तिला तोड नाही.

रेंज नाही म्हणजे चुकामूकही आलीच. "हरवलास तर फोन कर," हे वाक्य समुद्रावर कुचकामाचं. पोचल्या पोचल्या सगळ्यांना एक खूण दाखवून ठेवावी: ते देऊळ, ती लाल छपराची टपरी. चुकलो तर तिथे यायचं, आणि तिथून हलायचं नाही. लहानग्यांच्या दंडावर बॉलपेननं मोठ्या आकड्यांत नंबर लिहून ठेवावा, आणि जो फोन किनाऱ्यावर नेलाय त्याचाच लिहावा. खोलीवर कुलपात पडलेल्या फोनचा नंबर लिहिलेली मुलंही पाहिली आहेत!

खारं पाणी, वाळू आणि ऊन

"आमचा फोन वॉटरप्रूफ आहे," असं फार अभिमानानं सांगितलं जातं. त्याचा अर्थ जरा समजून घ्यायला हवा. फोनच्या खोक्यावर 'आयपी ६७' किंवा 'आयपी ६८' असं लिहिलेलं असतं. ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी पाणी आत जाऊ नये. ६८ म्हणजे त्याहून अधिक; किती खोल आणि किती वेळ ते बनवणारी कंपनी सांगते. पण ही परीक्षा होते गोड्या, स्वच्छ, स्थिर पाण्यात. समुद्राचं पाणी गोडं नाही, स्वच्छ नाही आणि स्थिर तर नाहीच नाही. शिवाय पाणी अडवणारे रबराचे बारीक जोड फोन जुना होईल तसे सैल पडतात. एकदा फोन हातातून आपटला असेल तर विचारायलाच नको. आणि पाण्यानं फोन बिघडला तर बहुतेक कंपन्यांच्या गॅरंटीत ते बसत नाही. तेव्हा वॉटरप्रूफ म्हणजे पावसाच्या सरीपुरता आणि मोरीतल्या शिंतोड्यांपुरता, इतकंच धरून चालावं.

खाऱ्या पाण्याचा खोडसाळपणा असा, की त्यातून वीज साध्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते आणि धातू भराभर गंजतो. बाल्कनीतल्या खिळ्यांची मुंबईत काय अवस्था होते ते तिथल्या बायकांना ठाऊक आहे. फोनच्या आतले धागे तर केसाहून बारीक. म्हणून फोन समुद्रात पडलाच, तर तो चालू आहे की नाही हे बघण्यासाठी बटणं दाबत बसू नये. आधी तो बंद करावा. वरचं कव्हर काढावं, सिमकार्डाची खोबण बाहेर काढून ठेवावी. पाणी अडवणारा फोन असेल तर गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली वरवर विसळून मीठ घालवावं, मऊ सुती फडक्यानं टिपावं आणि चार्जिंगचं तोंड खाली करून वाऱ्यावर ठेवावा. पंख्याचा वारा चालेल. केस वाळवायच्या गरम यंत्राचा चालणार नाही. आणि किमान एक दिवस त्याला चार्जरला लावू नये. ओला फोन चार्जरला लावला म्हणजे उरलीसुरली आशाही संपली.

आता तांदळाच्या डब्याचं. भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवायचा, हा सल्ला घरोघरी पोचला आहे. आपल्या घरात तांदूळ नेहमी असतोच, म्हणून तो आवडलाही फार. पण अॅपल कंपनीनंच २०२४ साली ग्राहकांना सांगितलं, की फोन तांदळात ठेवू नका, दाण्यांचे बारीक कण आत जाऊन नुकसान होईल. तांदूळ काही पाणी ओढून काढत नाही. उघड्या हवेत जितकं वाळेल तितकंच वाळतं, वर कोंडा आत जातो. तेव्हा तांदूळ भातालाच राहू द्यावा.

बाजारात गळ्यात अडकवायची पारदर्शक प्लॅस्टिकची पाकिटं मिळतात. ती वाईट नाहीत. पण नवं पाकीट आणलं, की फोन घालण्याआधी त्यात कागदी रुमाल घालून, तोंड बंद करून, बादलीत वजनाखाली अर्धा तास बुडवून ठेवावं. रुमाल कोरडा निघाला तर पाकीट विश्वासाचं. तोंड बंद करताना आत थोडी हवा राहू दिली तर पडल्यावर फोन तरंगतो. अर्थात तो तरंगत दूर जातो आणि मग त्याच्यामागे कुणी पोहत जातं, ही गोष्ट निराळी. फोनमागे पाण्यात कुणीही जायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.

पाण्याइतकीच वाळू वाईट. वाळूतला गारेचा कण काचेपेक्षा कठीण असतो. त्यामुळे वाळू लागलेली काच पदरानं किंवा टॉवेलानं पुसली, की ओरखडे उठलेच म्हणून समजा. आधी फुंकर मारावी, मग मऊ, कोरड्या कुंचल्यानं झटकावी. घरात डोळ्यांच्या रंगाचा जुना ब्रश पडलेला असतो, तो या कामाला झकास! मगच फडकं. कव्हरच्या आत साचलेली वाळू तर बरेच जण महिनाभर तशीच बाळगतात.

तिसरं ऊन. फोन तापायला फार ऊन लागत नाही. साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा त्याला मानवते. बंद मोटारीत, पुढच्या काचेखाली, मे महिन्यात काय होत असेल याची कल्पना करा. आत ठेवलेलं लोणीसुद्धा तूप होऊन जाईल. तापलेल्या फोनची बॅटरी कायमची अशक्त होते. म्हणून "गाडीतच राहू दे" हा पर्याय मनातूनही काढून टाकावा. चोरीची भीती आहे ती वेगळीच. किनाऱ्यावर फोन जाड सुती पंचात गुंडाळून, पिशवीत मधोमध, सावलीत ठेवावा. तापला तर बर्फाच्या डब्यावर ठेवू नये. आतल्या आत दव धरतं.

फोनच्या गडबडीत दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे गाडीची किल्ली. हल्लीच्या किल्लीत बॅटरी आणि यंत्र असतं, आणि ती नेहमी 'ह्यांच्या' अर्ध्या चड्डीच्या खिशात राहून समुद्रस्नानाला जाते. मग दार उघडेना, गाडी सुरू होईना, दुसरी किल्ली तीनशे किलोमीटरवर घरी, आणि रविवार! निघतानाच दुसरी किल्ली बरोबर घ्यावी आणि ती खोलीवर ठेवावी.

दुसरी गोष्ट सासूबाईंचं किंवा सासऱ्यांचं कानाचं यंत्र. ते तर फोनपेक्षाही नाजूक. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार आणि घाम, दोन्ही त्याला सोसत नाहीत. पाण्याजवळ जाण्याआधी ते काढून झाकणाच्या छोट्या डबीत ठेवावं आणि डबीत औषधाच्या बाटलीत येते ती दमट ओढणारी पुडी टाकावी. पण यंत्र काढल्यावर त्यांना हाका ऐकू येणार नाहीत, याची घरातल्या सगळ्यांना कल्पना द्यावी. लाटांच्या आवाजात तर मुळीच नाही. त्यांच्याजवळ कुणीतरी असावं.

वीस सेकंदांचा हिशेब

इथवर झालं ते वस्तूंचं. वस्तू बिघडली तर पैसे जातात, थोडी चिडचिड होते, महिन्याभरानं विसरायला होतं. पण एकच फोन न्या, असं आग्रहानं सांगण्याचं खरं कारण दुसरं आहे.

बुडणारं माणूस "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडतं, हात हलवतं, असं आपण सिनेमात पाहतो. प्रत्यक्षात तसं फारसं घडत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेले फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रण करून हे दाखवून दिलं. बुडणाऱ्याला श्वासच पुरत नाही, तर तो ओरडणार कसा? त्याचे हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, त्यामुळे हात हलवून बोलावणंही जमत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं, खाली जातं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोर खेळतंय. हे सगळं वीस ते साठ सेकंद चालतं. मग ते खाली जातं. आवाज होत नाही.

वीस सेकंद! घरच्या ग्रुपवर चार फोटो निवडून टाकायला आणि खाली "मज्जाच मजा" लिहायला याहून जास्त वेळ लागतो. आईबाप शेजारी बसलेले असतात, निष्काळजी नसतात, पोरावर जीव असतो. फक्त मान खाली असते.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. जर्मनीत जीवरक्षकांच्या मोठ्या संस्थेनं २०१८ च्या उन्हाळ्यात पालकांना जाहीरपणे बजावलं होतं, की तुम्ही फोनमध्ये पाहता आणि मुलं पाण्यात संकटात सापडतात. त्याच वर्षी सप्टेंबरात हांबुर्ग शहरात एका सात वर्षांच्या मुलानं मोर्चा काढला. मागणी एवढीच, की आईबाबांनी फोनशी नाही, आमच्याशी खेळावं. आईबापही त्यात चालले म्हणे.

आपल्याकडच्या आठवणी जास्त जिव्हारी लागतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना तरुण मुली पाण्यात पडल्या. त्यांतली एक आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक माणूस, दोघंही गेली. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरातल्या १६ जागा सेल्फीसाठी धोक्याच्या म्हणून ठरवल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. दिवस थंडीचे, आकाश निरभ्र. पावसाळाच फक्त वाईट, असं म्हणायची सोय नाही. आणि २०२३ च्या जुलैत पुन्हा वांद्र्यालाच एक कुटुंब सुट्टीच्या दिवशी गेलं होतं. भरतीमुळे जुहूला पाण्याजवळ जाऊ देत नव्हते, म्हणून इकडे आलेलं. नवराबायको खडकावर बसले होते, मुलं समोरून चित्रण करीत होती. एक मोठी लाट आली आणि आईला घेऊन गेली. ते चित्रण पुढे कितीतरी दिवस लोकांच्या फोनांवरून फिरत राहिलं. ज्या मुलांनी ते काढलं त्यांचा विचार मात्र फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी केला असेल?

म्हणून किनाऱ्यावर पोचलं, की सर्वांत पहिलं काम पाळी ठरवण्याचं. पाण्यावर नजर कुणाची? एका वेळी एकाच मोठ्या माणसाची, नाव घेऊन. "आपण सगळे आहोतच की," असं म्हटलं म्हणजे कुणीच नसतं. सहा मोठी माणसं असलेल्या घोळक्यात हा धोका अधिक, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा पाहतोय. अर्धा तास दादा, मग वहिनी, मग नणंदेचे यजमान. ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नाही, पुस्तक नाही, पत्ते नाहीत. त्यानं गप्पासुद्धा समुद्राकडे तोंड करून माराव्यात. पाळी सोडताना दुसऱ्याला सांगून सोडावी, "आता तू हं." लहान मूल पाण्यात असेल तर नुसती नजर पुरत नाही, हात पोचेल इतक्या अंतरावर उभं राहावं. हवेचे रंगीत टायर आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. वारा जमिनीकडून सुटला असेल तर टायर मुलासकट आत वाहत जातो.

दुर्दैवानं कुणी ओढलं गेलंच, तर मागोमाग उडी घेऊ नये. वांद्र्याच्या त्या पहिल्या घटनेत वाचवणाराही गेला. तरंगणारं काहीतरी फेकावं: पाण्याचा रिकामा, झाकण लावलेला पाच लिटरचा कॅन उत्तम, ओढण्या गाठी मारून बांधल्या तर त्याहून बरं. आणि किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांना हाक मारावी. पोहता येणाऱ्यानंही आत ओढणाऱ्या प्रवाहाशी झुंजू नये. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत जाऊन ओढीतून बाहेर पडावं आणि मग वळावं. इथे तो एक फोन कामाला येतो: ११२ हा तातडीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून किंवा पोटावर गरगर फिरवून पाणी काढत बसणं, ही जुनी पद्धत घातक आहे. श्वास चालत नसेल तर ताबडतोब तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. हे ज्याला येतं असं एक माणूस तरी घरात असावं. गावातल्या डॉक्टरांना विनंती केली तर महिला मंडळात एका दुपारी शिकवतील.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमलेले आहेत. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पाण्यात उतरावं आणि नुसता लाल झेंडा दिसला की परत फिरावं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अशी सोय नसते. त्यामुळे गावकरी "इथं नको, तिकडं जा" म्हणाला, तर त्याला वाद घालू नये.

फोन पाहावा, पण खोलीवर

एवढं वाचून मी फोनच्या विरुद्ध आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. समुद्रावर जायच्या आधी फोनइतका उपयोगी मित्र नाही. हवामान खात्याचा इशारा त्यात दिसतो. हैदराबादला समुद्राची माहिती देणारं केंद्र सरकारचं एक केंद्र आहे, 'इन्कॉइस' म्हणतात त्याला. ते उंच लाटांचे इशारे आधी देतं. आणि भरती-ओहोटीच्या वेळाही फोनवर मिळतात.

या वेळा मात्र फोनशिवायही काढता येतात, आणि हे आपल्या मुलींना शिकवावं असं मला फार वाटतं. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. आज चतुर्थी आहे? चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. रोज भरती पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून पाऊणपट. हा अंदाज आहे, मिनिटाला मिनिट जुळणार नाही. पण रेंज नसताना पंचांग पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी.

याचा उपयोग फक्त पोहण्यापुरता नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. फोटो काढता काढता भरती कधी सुरू झाली ते कळत नाही, आणि मग परतीची वाट पाण्याखाली! वाळूत मोटार उतरवणाऱ्यांचीही हीच गत. मोटार रुतते, पाणी चढतं, आणि सगळा गाव दोरखंड घेऊन धावतो. वाळूत मोटार नेऊच नये, हे वेगळं सांगायला नको. पण सांगावं लागतं, कारण चिरंजीवांना त्याचं चित्रण करायचं असतं.

फोटोत आई कुठे आहे?

फोटो काढावेत, जरूर काढावेत. पण त्यांची एक वेळ ठरवावी. किनाऱ्यावर गेल्यावर पहिली दहा मिनिटं, सगळे कोरडे आणि नीटनेटके असताना. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा, नाहीतर चेहरे काळे येतात. मुलांचे फोटो बसून, त्यांच्या उंचीवरून घ्यावेत. मग फोन पंचात. मावळतीला पुन्हा पाच मिनिटं. एकेकाळी छत्तीस फोटोंचा एक रोल सगळ्या सहलीला पुरवायचा असे आणि त्यांतले तीसेक चांगले येत. हल्ली चारशे काढून नंतर कुणी उघडून पाहत नाही.

गावी राहिलेल्या सासूबाईंना किंवा आईला त्या वेळी एकदा फोन लावून समुद्र दाखवावा. गुडघे दुखतात म्हणून न आलेल्या माणसाला लाटांचा आवाज ऐकवणं, याहून त्या यंत्राचा चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पुष्कळ कुटुंबं जातात. तिथे फोनचा दिवा किंवा फ्लॅश चुकूनही लावू नये. वाळूतून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं. समुद्रावरचा उजेड सोडून ते तुमच्या फोनकडे वळलं, तर त्याची वाट चुकते. मुलांना हे आधी सांगितलं तर ती स्वतःच इतरांना दटावतात, असा अनुभव आहे.

आणि आता चटईवरची ती बाई. सगळे फोन खोलीवर, किल्ली खोलीवर, एकच फोन पंचात, नजरेची पाळी वाटून दिलेली. म्हणजे तिच्या मांडीवर धरण्यासारखं काही उरलं नाही. तिची पाळी नसेल तेव्हा तिनं खुशाल पाण्यात जावं. साडी भिजेल म्हणून संकोच वाटत असेल तर जुनी, हलकी नायलॉनची किंवा सलवार-कमीज बरोबर घ्यावी. सुती साडी भिजल्यावर पायांत अडकते आणि जड होते. मंगळसूत्र, पाटल्या खोलीवरच. कानांतली कुडी लाटेत पडली तर सापडत नाही. पोटऱ्यांपर्यंत पाणी, लाट परतताना पायाखालून सरकणारी वाळू आणि शेजारी हात धरायला जाऊबाई. यासाठी घाट उतरून यायचं असतं.

परतल्यावर अंगाला चिकटलेल्या वाळूवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि कोरड्या हातानं चोळावी. वाळू भराभर सुटते आणि यजमानांची मोरी तुंबत नाही. फोनही ओलसर, पिळलेल्या फडक्यानं पुसून मग कोरड्यानं पुसावा. न भिजलेल्या फोनवरसुद्धा खाऱ्या हवेचा चिकट थर बसलेला असतो.

घरी पोचल्यावर त्या फोटोंतले चार-पाच निवडून स्टुडिओतून छापून आणा. निवडताना एवढं बघा, की निदान एकात तुम्ही आहात, आणि भिजलेल्या आहात. मागच्या बाजूला गावाचं नाव आणि साल लिहून ठेवा.